जुन्या गाडीत इंजिन कोणते? खरेदीपूर्वी तपासायच्या खुणा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत जुन्या गाड्या शोधणाऱ्यांना बाहेरून देखणी दिसणारी जीप किंवा अँबॅसिडर आजही सापडते. प्रश्न उभा राहतो तो बॉनेट उघडल्यावर. गाडी १९६८ ची आणि इंजिन भलत्याच गाडीचे, असा प्रकार या भागात अपवादात्मक नाही. त्यामागे कारणेही आहेत. १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी, १९२२ पासूनचा साताऱ्यातील कूपर उद्योग आणि सांगलीचे १९४७ मध्ये सुरू झालेले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय यांमुळे यंत्रांची जाण येथे जुनी आहे. विहिरीवरचे ऑइल इंजिन खोलून बसवणाऱ्या फिटरला गाडीचे इंजिन बदलणे अवघड नव्हते. पेट्रोल महाग आणि डिझेल स्वस्त असण्याच्या काळात ‘वडाप’च्या जीपगाड्यांना आणि घरच्या मोटारींनाही डिझेल इंजिने बसली. गाडी चालत राहिली, पण तिचे मूळपण गेले आणि बऱ्याचदा कागदपत्रांशी असलेला मेळही सुटला.

आधी कागद, मग गाडी

नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजेच आरसी बुकावर, इंजिन क्रमांक, चेसिस क्रमांक, इंधन, सिलिंडरची संख्या आणि इंजिनाची घनक्षमता (सीसी) नोंदलेली असते. पाहणीला जाण्यापूर्वी या पाच गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात. साताऱ्याची नोंदणी ‘एमएच ११’, सांगलीची ‘एमएच १०’ आणि कराडची ‘एमएच ५०’ या मालिकेत होते. मात्र १९८९ पूर्वीच्या गाड्यांवर जुन्या पद्धतीचे, तीन अक्षरांचे क्रमांक असतात. अशा गाडीची नोंद ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत चढलेली आहे का, हे आधी तपासावे. संगणकातील इंजिन क्रमांक आणि जुन्या पुस्तिकेतील क्रमांक यांत एका अंकाचाही फरक असेल, तर तो दुरुस्त करून देण्याची जबाबदारी विक्रेत्याची राहील, असे व्यवहारापूर्वीच लेखी ठरवावे.

क्रमांक कोठे असतो?

इंजिन क्रमांक हेडवर नव्हे, तर ब्लॉकवर शोधावा. हेड सहज बदलता येते. विलीज जातीच्या जीप इंजिनावर हा क्रमांक ब्लॉकच्या पुढील भागात, पाण्याच्या पंपामागच्या उंचवट्यावर ठोकलेला असतो. अँबॅसिडरमध्ये वापरलेल्या बीएमसी घराण्याच्या इंजिनात तो ब्लॉकच्या उजव्या बाजूला, हेडच्या खाली पाहावा. तेथे रिबेट मारलेली पट्टी असेल तर सावध राहावे, कारण पट्टी एका इंजिनावरून काढून दुसऱ्यावर लावता येते. रिबेट नवी दिसत असतील किंवा अंकांभोवतीचा भाग घासून गुळगुळीत केलेला असेल, तर खरेदी थांबवणेच योग्य. क्रमांकावरचे तेल-मातीचे किटण रॉकेल आणि कापडाने पुसावे. कानस किंवा पॉलिश पेपर लावू नये, अंक पुसट झाले तर नोंदणी कार्यालयातील तपासणीतच अडचण येते.

जीप: एक बॉडी, अनेक इंजिने

महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपची जुळणी भारतात सुरू केली. या जीपच्या दोन पेट्रोल इंजिनांची घनक्षमता एकच, सुमारे २,१९९ सीसी आहे. त्यामुळे आरसी बुकातील आकड्यावरून त्यांतील फरक कळत नाही. तो डोळ्यांनी ओळखावा लागतो. जुन्या ‘एल-हेड’ इंजिनाचे हेड सपाट असते, वर रॉकर कव्हर नसते आणि चारही प्लग वरून उभे बसवलेले असतात. त्यानंतरच्या ‘एफ-हेड’ म्हणजेच ‘हरिकेन’ इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. साहजिकच हेडवर पत्र्याचे रॉकर कव्हर दिसते आणि कार्बोरेटर हेडच्या वर बसतो. उंच बॉनेटची सीजे-३बी जीप घडली ती याच उंच इंजिनासाठी. तिच्यात सपाट हेडचे इंजिन आढळले, तर ते मागाहून बसवलेले आहे असे समजावे.

डिझेल जीपमध्ये तीन नावे वारंवार ऐकू येतात. एक्सडीपी ४.९० हे प्यूजो घराण्याचे २,११२ सीसी इंजिन एमएम ५४० मध्ये येत असे. नावातील ४ म्हणजे सिलिंडर आणि ९० म्हणजे मिलिमीटरमधील बोअर. दुसरे, ट्रॅक्टरच्या इंटरनॅशनल इंजिनावरून आलेले सुमारे २,३५० सीसीचे एमडी-२३५०. तिसरे, त्यांच्यानंतर आलेले २,५२३ सीसीचे डायरेक्ट इंजेक्शन इंजिन. यांखेरीज मॅटाडोरची डिझेल इंजिनेही जीपमध्ये बसवली गेली. इंजिनाच्या बैठकीचे ब्रॅकेट नव्याने वेल्डिंग केलेले, रेडिएटर पुढे सरकवलेला, पंख्याचे कव्हर कापलेले किंवा गिअर लिव्हरची जागा बदललेली दिसली, तर इंजिन मूळचे नाही हे क्रमांक न वाचताही कळते.

अँबॅसिडर, कॉन्टेसा आणि पद्मिनी

अँबॅसिडरची ओळख म्हणजे १,४८९ सीसीचे पुशरॉड पेट्रोल इंजिन. घोटाळा होतो तो येथेच. १९८० च्या सुमारास आलेल्या डिझेल अँबॅसिडरची घनक्षमताही १,४८९ सीसीच होती, म्हणून सीसीबरोबर इंधनाचा रकानाही वाचावा. १९९० च्या दशकात आलेले इसुझूचे १,८१७ सीसी पेट्रोल इंजिन ओव्हरहेड कॅमचे असून त्याच्या जोडीला पाच गिअरचा बॉक्स असतो. जुन्या बॉडीत पाच गिअर लागत असतील, तर गिअरबॉक्सबरोबर इंजिनही बदलले असण्याची शक्यता मोठी. कॉन्टेसातही आधी १,४८९ सीसीचे, मग इसुझूचे १,८१७ सीसीचे आणि पुढे डिझेल इंजिन आले. तिच्या बाबतीत पाठीमागच्या नावाच्या पट्टीवर कधीही विसंबू नये.

१९६४ ची फियाट डिलाइट, १९७२ ची प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासूनची पद्मिनी यांत मूळचे १,०८९ सीसी पेट्रोल इंजिनच होते. १९९० च्या दशकात आलेल्या १३७-डी या मॉडेलमध्ये सुमारे १.३७ लिटरचे डिझेल इंजिन होते. त्याआधीच्या पद्मिनीत डिझेल आढळल्यास ते बाहेरून बसवलेले आहे, हे निश्चित. स्टँडर्ड हेराल्डचे सुरुवातीचे इंजिन ९४८ सीसीचे, तर नंतरचे १,१४७ सीसीचे आहे. आरसी बुकातील वर्ष आणि सीसी यांचा मेळ तेथेही घालून पाहावा.

पेट्रोल की डिझेल, हे ओळखायला जाणकार लागत नाही. प्लगच्या जाड वायरी, डिस्ट्रिब्यूटर आणि कार्बोरेटर असेल तर पेट्रोल. फ्युएल पंपातून प्रत्येक सिलिंडरच्या नोझलकडे जाणाऱ्या बारीक पोलादी नळ्या दिसल्या तर डिझेल.

इंजिन बदललेले असेल तर?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच कलमाच्या आधारे अशा बदलांबाबत कठोर भूमिका घेतली. इंजिन बदलताना नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी आणि आरसी बुकात नोंद आवश्यक असते. ती नसेल तर हस्तांतरणाचे नमुना २९ व ३० भरूनही गाडी तपासणीत अडकते, १५ वर्षांनंतरची पुनर्नोंदणी रखडते आणि अपघात झाल्यास विमा कंपनीला हरकत घेण्यास जागा मिळते. दुसरे इंजिन कोठून आले याची पावती नसेल, तर ते चोरीच्या गाडीचे असण्याचा धोकाही खरेदीदाराच्याच गळ्यात पडतो.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीसाठी मूळ इंजिनाचे मोल आणखी वाढले आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व मुदत १० वर्षे आहे. मात्र चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी या नोंदणीस पात्र ठरत नाही.

बदललेले इंजिन म्हणजे टाकाऊ गाडी, असे मात्र नव्हे. रोजच्या वापरासाठी, परवानगी व नोंद असलेली डिझेल जीप घाटात आणि शेतरस्त्यावर उत्तम काम देते. तिची किंमत मूळ गाडीच्या भावाने मोजू नये, इतकेच. मूळ इंजिन विक्रेत्याच्या गोठ्यात किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात पडून असेल, तर तेही व्यवहारात मागून घ्यावे. ब्लॉक फुटलेला नसेल तर बोअर करून ते पुन्हा उभे करता येते. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी ब्लॉकवरील क्रमांकाचे छायाचित्र, पेन्सिलने घेतलेला चेसिस क्रमांकाचा छाप आणि आरसी बुक ही तिन्ही शेजारी ठेवून अंक न् अंक वाचावा. तिन्ही जुळले तरच पुढे भावाची बोलणी करावीत.