सजातीय

बडोद्यात गुजराती पेपरात ‘सजातीय लग्न’ असा मथळा दिसला की मराठी माणूस म्हणतो, यात बातमी ती काय? घरच्या आजीला तेच तर हवं असतं! संस्कृत ‘जाति’ म्हणजे जन्म, मग प्रकार, वर्ग. मराठी ‘सजातीय’त ते मुख्यतः ज्ञातीवर येऊन ठेपलं. गुजरातीत मात्र ‘जाति’ने स्त्री-पुरुष हा भेदही कळतो, म्हणून तिकडचा ‘सजातीय’ म्हणजे आपला ‘समलिंगी’. त्यातलं लिंग म्हणजे मुळात नुसती खूण; प्रेमाचा पत्ताच नाही. याच अर्थाने विसाव्या शतकाच्या आरंभी जपानीत रुळलेल्या ‘दोसेइआइ’त निदान ‘आइ’, म्हणजे प्रेम, तरी आहे. १९६२मध्ये बडोद्यात आलेले चित्रकार-कथाकार भूपेन खख्खर गुजरातीत सजातीय, मराठीत समलिंगी. इथली तरुण पोरं सरळ ‘गे’ म्हणतात. मराठी ‘सजातीय’ वधूवरांच्या जाहिरातींत सुखाने नांदतोय.