कोरा अर्जही वाचा

‘मार्क चांगले आहेत, प्रवेश मिळेल का?’ हार्वर्डबाबत १९२० च्या आसपास या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी सोपं होतं. प्रवेशपरीक्षा पास झालात की बहुधा जागा मिळायची. मग १९२२ च्या सुमाराला ज्यू विद्यार्थी २१ टक्क्यांवर गेले आणि अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांनी कोट्याची कल्पना पुढे आणली. १९२३ मध्ये प्राध्यापकांच्या समितीने ती फेटाळली.

नुसते ठराव वाचले तर गोष्ट इथे संपते. सुखान्तच म्हणा ना! पण त्या वेळचा कोरा अर्ज काढून बघा. १९२२ पासून त्यात धर्म, वडिलांचं जन्मस्थान, आईचं माहेरचं आडनाव विचारलेलं दिसतं. शिवाय, जन्मानंतर तुमच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल केला आहे का? हा प्रश्न कोणाला गाठण्यासाठी होता, ते वेगळं सांगायला नको.

१९२६ मध्ये नव्या वर्गावर साधारण हजाराची मर्यादा आली, ‘चारित्र्या’ला वजन मिळालं, अर्जाला फोटो लागू लागला. परीक्षा तीच, मार्कही तेच. पण ज्यू मुलाची प्रवेशाची शक्यता बरीच घटली. आणि नियमांत ‘कोटा’ हा शब्द नव्हताच.