‘क्ष मानू’च्या आधी: भास्कराचार्यांचे घोडे आणि भुंगे

#थ्रेड

शाब्दिक उदाहरण समोर आले की ‘क्ष मानू’ असे लिहून मोकळे व्हायचे, ही सवय कासारसाईच्या शाळेत काय नि पुण्याच्या शाळेत काय, सर्वत्र सारखीच. पण ‘क्ष’ नेमके कशाला मानायचे? इ.स. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ रचले, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता.

त्यांचे एक उदाहरण पाहा. एकाजवळ ३०० नाणी व ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ १० घोडे, पण डोक्यावर १०० नाण्यांचे कर्ज. दोघांची संपत्ती सारखी, तर एका घोड्याची किंमत किती?

अज्ञात राशीला ते ‘यावत्तावत्’ म्हणतात, म्हणजे जेवढी असेल तेवढी. लिहिताना फक्त ‘या’. ज्ञात संख्या म्हणजे ‘रूप’, लिहिताना ‘रू’. मग दोन्ही बाजू एकाखाली एक मांडल्या जातात:

या ६ रू ३००
या १० रू १००

खालच्या १०० वर एक टिंब असते. ते टिंब म्हणजे ऋण, कर्ज. वजाबाकी केली की ‘या ४’ बरोबर ‘रू ४००’, आणि घोडा १०० नाण्यांचा. अज्ञात राशी अनेक असतील तर पुढची नावे रंगांची: कालक, नीलक, पीतक, लोहितक.

‘आपल्याकडे सगळे आधीच होते’ छापाच्या फॉरवर्डांत ही आद्याक्षरे दिसतात. खरे कौशल्य मात्र वगळले जाते. ते भुंग्यांच्या उदाहरणात दिसते. थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ एका झाडावर गेले, थव्याचा आठ-नवमांश भाग दुसरीकडे, आणि उरले दोन. थवा केवढा? ‘लीलावती’त हेच उदाहरण ठरावीक रीतीने, अज्ञात राशी न मानता सुटते. ‘बीजगणिता’त भास्कराचार्य थव्याला ‘या’ मानत नाहीत! तसे मानले तर वर्गमूळ गळ्यात पडते. ते थवा ‘या’च्या वर्गाची दुप्पट मानतात. निम्मा केला की नुसता वर्ग उरतो, आणि त्याचे मूळ थेट ‘या’. समीकरण सरळ वर्गसमीकरण होते. ‘या’ ६, थवा ७२. शब्दांचे समीकरण करताना अर्धी लढाई इथेच जिंकली जाते, असे माझे मत आहे. बीज म्हणजे मुळात बुद्धीच, वर्ण तिचे साहाय्यक, असे आचार्य स्वतःच सांगतात.

ही विद्या पुढे शिकवली गेली, याचा पुरावा दगडावर आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ (इ.स. १२०७) चा शिलालेख सांगतो, की आचार्यांचा नातू, सिंघण यादवाच्या दरबारचा ज्योतिषी चांगदेव, याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. लेख संस्कृतात, शेवटचा हिशेबी भाग मात्र जुन्या मराठीत. बाजारात माल विकला गेला की ग्राहकाकडून राजाला मिळणारे उत्पन्न मठाला द्यावे, असे त्यात म्हटले आहे. हा लेख भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये विद्वानांपुढे आणला.