निषाद केव्हा चढतो? निओक्लासिकल गिटार आणि एका स्वराचा इतिहास

१/१२
इलेक्ट्रिक गिटारवर निओक्लासिकल ढंगाचा सोलो वाजवू पाहणाऱ्या नवशिक्याला एक मंत्र हमखास मिळतो : "कॉर्ड मायनर आहेत ना? मग हार्मोनिक मायनर वाजव." महाविद्यालयात असताना मलाही तो मिळाला. मी तो इमानेइतबारे पाळला आणि ऐन कार्यक्रमात सी मेजर कॉर्डवर सी शार्प धरून बसलो. चूक बोटांची नव्हती. इतिहास ठाऊक नसल्याची होती. आजचा धागा त्या एका स्वराविषयी.

२/१२
आधी परिभाषा. 'डी' हा षड्ज मानू. नॅचरल मायनरमध्ये गांधार, धैवत आणि निषाद कोमल. म्हणजे आपल्या आसावरी थाटाचे स्वर. त्यातला निषाद शुद्ध केला की हार्मोनिक मायनर, अर्थात किरवाणीचे स्वर. धैवतही शुद्ध केला की चढता मेलॉडिक मायनर, अर्थात पटदीपाचे स्वर. हे साम्य केवळ स्वरांपुरते आहे. रागाचे चलन ही निराळी गोष्ट.

३/१२
खरा भेद पुढेच आहे. आपल्याकडे तानपुऱ्याचा षड्ज अचल असतो आणि कोणता निषाद घ्यायचा हे राग ठरवतो. कॉर्डच्या संगीतात मात्र सुरावटीखालची जमीन सतत सरकत असते. तिथे निषादाचा निर्णय त्या क्षणी वाजणारी कॉर्ड करते. हे एकदा ध्यानी आले की 'कोणते स्केल वाजवू?' हा प्रश्नच बदलतो.

४/१२
या निर्णयाची मुळे मध्ययुगात आहेत. १४व्या शतकातील युरोपीय गायक सांगीतिक वाक्य संपवताना षड्जाच्या खालचा स्वर अर्ध्या स्वराने चढवीत. पुष्कळदा तो लिहिलेला नसे. जाणत्या गायकाने तो ओळखून घ्यायचा असे. या प्रथेला 'म्युझिका फिक्टा' म्हणतात. शुद्ध निषाद षड्जाला खेटून उभा असतो, म्हणून त्याची ओढ तीव्र. चढवलेला निषाद ही मूळची समारोपाची खूण होती, स्केलचा कायमचा रहिवासी नव्हे.

५/१२
१७व्या शतकात कॉर्ड हीच संगीताची चौकट बनत गेली आणि ही खूण पंचमावरच्या कॉर्डमध्ये स्थिरावली. डी मायनरमध्ये ती कॉर्ड ए मेजर : ए, सी शार्प, ई. मधला सी शार्प हाच आपला शुद्ध निषाद. ही कॉर्ड वाजली की कान षड्जाची वाट पाहू लागतो. रामो या फ्रेंच संगीतकाराने १७२२मध्ये सुसंवादावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध करून अशा कॉर्डच्या नात्यांना सिद्धान्ताचे रूप दिले.

६/१२
त्याच्या सहा वर्षे आधी, १७१६मध्ये, पॅरिसमध्ये 'सप्तकाचा नियम' सांगणारे एक पुस्तक छापले गेले. खर्जाच्या प्रत्येक पायरीवर कोणती कॉर्ड द्यावी, याची ती गुरुकिल्ली. मायनरमध्ये चढताना धैवत-निषाद शुद्ध, उतरताना कोमल, हेही त्यात आलेच. लेखक फ्रांस्वा कांपियाँ. त्याची वाद्ये थिऑर्बो आणि गिटार! ज्या प्रश्नावर आजचे गिटारवादक रात्र-रात्र वाद घालतात, त्याचे छापील उत्तर एका गिटारवादकानेच देऊन ठेवले होते.

७/१२
प्रत्यक्ष उदाहरण हवे असेल तर बाखची ई मायनरमधली बूरे (बीडब्ल्यूव्ही ९९६) ऐका. गिटार शिकणाऱ्यांच्या हाती ती लवकरच येते. आरंभीच सुरावट सी शार्प, डी शार्प, ई अशी चढते आणि लगेच डी, सी, बी अशी उतरते. दोन्ही निषाद, दोन्ही धैवत, तेही अवघ्या काही स्वरांच्या अंतरात. बाखने 'स्केल बदलले' असे म्हणणे अनैतिहासिक ठरेल. त्याच्या लेखी मायनर एकच होते. त्यातले दोन स्वर प्रसंग पाहून वागत.

८/१२
नॅचरल, हार्मोनिक, मेलॉडिक असे तीन स्वतंत्र कप्पे ही शिकवण्याच्या सोयीसाठी केलेली मांडणी. पाठ्यपुस्तकांतून ती रुजली आणि एका जिवंत सवयीच्या जागी तीन शिड्या उरल्या. नवशिक्याचा गोंधळ इथे सुरू होतो : तो शिडी निवडतो आणि कॉर्ड विसरतो.

९/१२
रॉकमध्ये ही सवय परतली ती कॉर्डच्या वाटेनेच. डीप पर्पलच्या 'हायवे स्टार'मध्ये (१९७२) रिची ब्लॅकमोरचा सोलो डी मायनर, जी मायनर, सी, ए या साखळीवर उभा आहे. ही साखळी बाखच्या धर्तीची असल्याचे त्यानेच सांगितले आहे.

१०/१२
रँडी ऱ्होड्सने पुढचे पाऊल टाकले. त्याच्या आईची नॉर्थ हॉलिवुडमध्ये संगीतशाळा होती. 'मिस्टर क्रॉली' (१९८०) या ऑझी ऑस्बोर्नच्या गाण्यातील अखेरच्या सोलोखाली कॉर्ड येतात त्या अशा : डी मायनर, जी मायनर, सी, एफ, बी फ्लॅट, ई हाफ-डिमिनिश्ड, ए. पहिल्या सहांत सी शार्प कुठेही नाही; सी आणि एफ या दोन कॉर्डमध्ये तर साधा सी ठाण मांडून आहे. ए आल्यावरही तिच्यातला डी क्षणभर सी शार्पला अडवून धरतो, आणि मग वाट देतो. सहा कॉर्डभर राखलेला स्वर सातवीवर प्रकटतो, म्हणून तो काळजाला भिडतो. पहिल्यापासून हार्मोनिक मायनर वाजवणारा ही ठेव आधीच उधळून टाकतो. ऱ्होड्स १९८२मध्ये विमान अपघातात गेला. वय २५, आज माझे आहे जवळपास तेवढेच.

११/१२
स्टॉकहोमच्या इंग्वे माल्मस्टीनने 'रायझिंग फोर्स'मध्ये (१९८४) त्या सातव्या कॉर्डचेच साम्राज्य उभारले. ए मेजरवर हार्मोनिक मायनर 'ए'पासून मोजले की बसंत मुखारीचे स्वर मिळतात. तिथेच सी शार्प, ई, जी, बी फ्लॅट हा डिमिनिश्ड आकारही चपखल बसतो. गिटारवर तो दर तीन पडद्यांनी जसाच्या तसा पुन्हा येतो. एक गंमतही नोंदवावी. याच संग्रहातील 'इकॅरस ड्रीम सूट'चा आरंभ 'आल्बिनोनीच्या अदाजिओ'वर बेतलेला आहे. ते अदाजिओ वस्तुतः रेमो जाझोत्तो या विसाव्या शतकातील अभ्यासकाची रचना, १९५८मध्ये प्रकाशित झालेली. बरोक म्हणून ज्याला वंदन केले, ते अवघे २६ वर्षांचे होते!

१२/१२
तरीही मला यात फसवणूक दिसत नाही. परंपरा कागदावरच्या नावापेक्षा कृतीत अधिक टिकते. तेव्हा वाचकहो, मायनर साखळीवर सोलो वाजवताना शिडी निवडू नका. पंचमावरची कॉर्ड कुठे येते ते आधी शोधा. तोवर निषाद कोमल असू द्या. ती आली की चढवा. चौदाव्या शतकातला तो जाणता गायक हेच करीत होता, आणि त्याला कुणी लिहूनही दिले नव्हते.

धागा समाप्त.