नौखंडा : महालाच्या आवारातील महाविद्यालय



राजवाडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तख्त, चौघडा आणि पहारेकरी उभे राहतात. परंतु ज्या राजवाड्याच्या आवारात आज मुली वह्या-पुस्तके घेऊन जातात, अशा एका वास्तूची हकिकत आपणांस सांगावयाची आहे. ही वास्तू म्हणजे औरंगाबादचा नौखंडा महाल. या शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर असे आहे.

हा महाल बांधणारा मलिक अंबर कोण होता? तो जन्मला दूर हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. बगदादच्या एका धन्याने त्याला लिहिणे-वाचणे व हिशेब शिकविला. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. चंगीजखान स्वतःही एके काळी गुलामच होता. विकला गेलेला हा मुलगा पुढे त्याच निजामशाहीचा पेशवा झाला आणि जहांगीर बादशहाच्या फौजांना त्याने वर्षानुवर्षे दक्षिणेत रोखून धरले.

इ.स. १६१० मध्ये त्याने खडकी या खेड्याच्या जागी शहर वसविले. डोंगरातील पाणी भूमिगत नळांनी शहरात आणणारी नहर-ए-अंबरी ही त्याचीच योजना. इ.स. १६१६ मध्ये मोगल फौजेने खडकीची जाळपोळ केली. नौखंडा महालाच्या बांधणीचे सालही १६१६ हेच नोंदलेले आहे. ज्या वर्षी शहर जळाले, त्याच वर्षी उंचवट्यावर हा महाल उभा राहिला, ही गोष्ट मनात ठेवण्यासारखी आहे.

महालात नऊ दालने होती, म्हणून त्याचे नाव नौखंडा. आत दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास, मशीद, कचेरी व पाच जनानखाने होते. प्रत्येकास बाग आणि हौद होता. महालाकडे जाणारा भव्य भडकल दरवाजा आजही उभा आहे.

मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. मोगल आले. शहजादा औरंगजेबामुळे १६५३ पासून शहराला औरंगाबाद हे नाव मिळाले. त्याने आपल्यासाठी किल्ला-ए-अर्क हा वेगळा महाल बांधविला. पुढे पहिल्या निजामाच्या काळात आलमखान याने नौखंड्याचा विस्तार केला आणि निजाम अलीखान येथे राहिला. त्याच निजाम अलीखानाने १७६३ मध्ये राजधानी हैदराबादला नेली. राजधानी गेली की राजवाड्याची रया जाते. हौद कोरडे पडले, बागा सुकल्या, जनानखान्यांच्या भिंती ढासळल्या.

परंतु हकिकत येथे संपत नाही. १९६२ मध्ये औरंगाबादहून विधानसभेवर निवडून गेलेले डॉ. रफिक झकेरिया यांनी त्या शहरात शिक्षणसंस्था उभी केली. त्यांच्या नावाचे महिला महाविद्यालय आज याच नौखंड्याच्या परिसरात आहे. ज्या आवारात स्त्रिया उंच भिंतींआड राहत होत्या, त्याच आवारात आज कोणाच्याही घरची मुलगी दाखला घेऊन प्रवेश मागू शकते.

पालकहो, आपल्या नंदुरबार जिल्ह्यात मुलगी दहावी-बारावी झाली की घरात विचार सुरू होतो : पुढे पाठवावे की नाही? लांबच्या गावी, वसतिगृहात, ओळखीचे कोणी नसता? ही काळजी खोटी नाही. पण मलिक अंबरकडे ना घराणे होते, ना मुलूख, ना स्वतःचे स्वातंत्र्य. त्याच्या पदरी जे पडले, त्यात शिकलेल्या अक्षरांचा आणि हिशेबाचा वाटा मोठा होता. त्याने बांधलेल्या महालाची छपरे कोसळली. त्या जागेस आज पुन्हा वर्दळ आहे, ती शिक्षणामुळे.

मुलांनो, कधी त्या शहरी गेलात तर बीबीचा मकबरा अवश्य पाहा. परंतु भडकल दरवाज्यापाशीही क्षणभर थांबा. आणि मुलींनो, तुम्ही तेथे केवळ पाहुण्या म्हणून न जाता विद्यार्थिनी म्हणूनही जाऊ शकता, हे घरी जरूर सांगा.