रिद्धपूरच्या पायवाटा

प्रवास हा शब्द उच्चारतांच शहरांतील माणसाच्या डोळ्यांपुढें वेळापत्रक, तिकीट आणि मुक्कामाचें ठिकाण एवढ्याच गोष्टी उभ्या राहतात. निघण्याचें गांव आणि पोहोंचण्याचें गांव यांच्यामधील मुलूख हा केवळ ओलांडावयाचा असतो. मात्र मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून ज्याचा गौरव होतो, तें लीळाचरित्र या मधल्या मुलुखांतूनच जन्मास आलें आहे. त्याचें जन्मस्थान म्हणजे वऱ्हाडांत, अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यांत वसलेलें रिद्धपूर. ऋद्धिपूर, रीतपूर अशींहि त्याचीं नांवें आढळतात. रेल्वे, मोटार आणि सायकल या साऱ्यांच्या कित्येक शतकें आधीं या गांवाच्या वाटा पायीं चालणाऱ्यांनीं मळल्या. त्यांच्या चालण्याचा इतिहास हा एका अर्थीं आपल्या भाषेचाच इतिहास आहे.

तेराव्या शतकांत रिद्धपुरांत गोविंदप्रभु ऊर्फ गुंडम राउळ राहत असत. त्यांचा जन्म जवळच्याच काटसुरें गांवीं झाला. आईबाप लहानपणींच निवर्तल्यामुळें नातलगांनीं त्यांना रिद्धपुरास आणून वाढविलें. पुढें त्यांचें जवळजवळ सारें आयुष्य याच गांवांत व आसपासच्या खेड्यांत गेलें. मुलांबरोबर खेळावें, कोणाच्याहि घरांत शिरून हक्कानें जेवावें, मनास येईल त्या गल्लींतून हिंडावें, असा त्यांचा क्रम होता. लोक त्यांना वेडे समजत आणि देवहि समजत. उंच कुळ व हीन कुळ हा भेद त्यांच्या पावलांना ठाऊक नव्हता. एक गांव त्यांनीं असें पायांखालीं घातलें होतें कीं, पुढें त्यांचें चरित्र लिहितांना त्या गांवचे बाजार, विहिरी, देवळें आणि घरेंदारें आपोआप त्यांत उतरलीं.

या एका जागीं राहणाऱ्या गुरूला शिष्य मिळाला तो मात्र थोर वाटसरू. नर्मदेच्या मुखाजवळ, समुद्रापासून फारसें दूर नसलेल्या भडोच नगरांत हरिपाळदेव नांवाचा प्रधानपुत्र होता. महानुभावांची परंपरा असें सांगते कीं, संसाराला विटून त्यानें रामटेकच्या यात्रेचें निमित्त पुढें केलें. वडिलांनीं बरोबर माणसें दिलीं. हरिपाळानें तीं वाटेंत परत पाठविलीं आणि शेवटीं तो एकटाच रिद्धपुरास आला. भडोच ते रिद्धपूर हें अंतर सरळ रेषेनें धरलें तरी सुमारें पांचशें किलोमीटर भरतें. येथें गोविंदप्रभूंनीं आपल्या हातांतील खाद्य प्रसाद म्हणून त्याला दिलें आणि चक्रधर हें नांव दिलें. रामटेकची यात्रा तेथेंच संपली आणि दुसरीच यात्रा सुरू झाली.

चक्रधर प्रथम उत्तरेकडील सातपुड्यांत, साळबर्डीच्या डोंगरांत गेले. तेथील रानांत व गुंफांत त्यांनीं बारा वर्षें काढलीं असें सांगतात. त्यानंतर ते आंध्र देशाकडे व अन्यत्र एकटेच हिंडले. लीळाचरित्राच्या पहिल्या भागास ‘एकांक’ असें नांव आहे, तें या एकटेपणावरून. पुढील दोन भागांत, पूर्वार्धांत व उत्तरार्धांत, शिष्यांचा मेळा त्यांच्यासवें चालतो. मेहकर, लोणार, पैठण, वेरूळ, गोदातीरींचें डोमेग्राम अशीं नांवें एकामागून एक येतात. लोणार येथें यादव राजा कान्हरदेव त्यांच्या भेटीस आला. पण राजाच्या भेटीइतकीच जागा शेतकरी, गुराखी, चोर व भिक्षा वाढणाऱ्या बायाबापड्या यांच्या भेटींनाहि या ग्रंथांत मिळाली आहे. पायीं चालणाऱ्याला वाटेंत जो भेटतो तो सारखाच मोठा असतो.

चक्रधरांनीं शिष्यांना जो आचार घालून दिला, त्यांत सतत अटन करण्याला, म्हणजे हिंडत राहण्याला, फार महत्त्व आहे. कानडी व तेलंगी देशांत जाऊं नये, महाराष्ट्रांत असावें, देशाच्या टोकाला एखाद्या झाडाखालीं आयुष्य कंठावें, अशा अर्थाचीं त्यांचीं वचनें प्रसिद्ध आहेत. ओळखीच्या घरांची ऊब, मानसन्मान व सांचलेला संग्रह यांपासून साधकाला दूर ठेवणें हा त्यांतील हेतु होता. तथापि त्याचा एक परिणाम असा झाला कीं, महाराष्ट्र म्हणजे कोणता मुलूख, त्याची बोली कोठवर चालते, हें या मंडळींना नकाशावांचून कळूं लागलें.

इ. स. १२७४ च्या सुमारास चक्रधर शिष्यांना सोडून गेले. रिद्धपुरीं जाऊन गोविंदप्रभूंची सेवा करावी, अशी त्यांची आज्ञा होती. त्याप्रमाणें नागदेवाचार्य, महदाइसा, म्हाइंभट प्रभृति शिष्य रिद्धपुरास आले. पैठणच्या गोदाकांठापासून हें गांव सरळ रेषेनें मोजलें तरी तीनशें किलोमीटरांहून अधिक दूर आहे. मध्यें अजिंठ्याचे डोंगर आणि पूर्णेचें खोरें. येथेंच महदाइसेनें गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या सोहळ्यांत धवळे गाइले व आद्य मराठी कवयित्री हा मान मिळविला. आणि येथेंच, १२७८ च्या सुमारास, म्हाइंभटांनीं लीळाचरित्र सिद्ध केलें.

म्हाइंभटांची रीत विलक्षण आहे. ते गाढे शास्त्री होते. मनांत आणतें तर संस्कृतांत एक भव्य स्तोत्र रचून मोकळे झाले असते. त्यांनीं तसें केलें नाहीं. नागदेवाचार्यांना आठवेल तें त्यांनीं विचारून घेतलें आणि ज्या प्रसंगीं जो हजर होता, त्याला गांठून त्याच्याकडून तो प्रसंग पडताळून पाहिला. त्यासाठीं गांवोगांव पायपीट केली. ऐकलेलें बोलणें ज्याच्या त्याच्या तोंडच्या भाषेंत ठेविलें. म्हणूनच सातशें वर्षांपूर्वीं मराठी माणूस कसा बोलत असे, काय खात असे, कोठें निजत असे, हें आज या ग्रंथावरून कळतें.

चौदाव्या शतकांत या परंपरेंत आणखी एक अपूर्व ग्रंथ झाला. मुनिव्यास कोठी यांच्या नांवावर असलेली स्थानपोथी हा तो ग्रंथ. चक्रधर व गोविंदप्रभु जेथें जेथें गेले, त्या स्थळांची ही गांववार नोंद आहे. गांवाच्या कोणत्या दिशेस देऊळ, त्याचें दार कोणीकडे, नदी कोठें, वड कोठें, असा तपशील तींत येतो. दीर्घ मुक्कामाचें तें अवस्थान, एका रात्रीचें तें वसतिस्थान, क्षणभर बसण्याचें तें आसनस्थान, असे भेद केले आहेत. शौचास जाण्याच्या जागासुद्धां टिपून ठेविल्या आहेत. भक्तीच्या पोटीं केवढा काटेकोरपणा संभवतो, याचें हें उत्तम उदाहरण होय. नंतरच्या भक्तांनीं या जागांवर ओटे बांधले. रिद्धपूरच्या राजमठाच्या परिसरांत आजहि ते पाहावयास मिळतात.

एवढें सारें लिहून ठेवण्याची घाई किती रास्त होती, तें लवकरच दिसून आलें. परंपरा सांगते कीं, स्वारीच्या धामधुमींत लीळाचरित्राची मूळ प्रत नाहींशी झाली आणि शिष्यांनीं पाठांतराच्या आधारें ती पुन्हां उभी केली. म्हणूनच त्याचे निरनिराळे पाठ आढळतात. त्यानंतर पंथानें आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत झांकून ठेविले. ग्रंथ वांचले, पण बाहेरच्या मराठी वाचकाला ते शेंकडों वर्षें मुके राहिले. पायांनीं तर पूर्वींची सीमाहि ओलांडली होती. पंथाचे मठ पंजाबांत व पुढें काबूलपर्यंत गेले आणि तेथेंहि मराठी पोथ्या वाचल्या गेल्या. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं सांकेतिक लिपीची किल्ली प्रसिद्ध केली. यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते यांनीं पुढें हें दालन उघडलें. कोलत्यांनीं संपादिलेलें लीळाचरित्र १९७८ सालीं प्रकाशित झालें.

अशा प्रवासाला आजच्या काळांत कोणता प्रवास जवळचा म्हणावा? बहुधा सायकलीचा. सायकल यंत्र खरें, पण तिला बळ लागतें तें स्वाराच्याच पायांचें. चढ त्याच्या छातीला कळतो, वारा त्याच्या अंगाला कळतो, आणि तहान लागली कीं त्याला कोणाच्या तरी दारीं उभें राहावें लागतें. १९२३ सालीं मुंबईहून सहा तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघे ती पुरी करून १९२८ सालीं परतले व त्यांनीं आपल्या प्रवासाचें पुस्तक लिहिलें. कोंकणच्या खाड्या आणि घाट ओलांडीत सायकलीनें हिंडणारी आजची तरुण मंडळीहि याच जातीची. त्यांचें ध्येय निराळें, चक्रधरांचें वैराग्य निराळें; परंतु मधला मुलूख न गाळण्याची वृत्ति एकच. उणीव दिसते ती नोंदीची. छायाचित्रें पुष्कळ निघतात. वाटेंतल्या म्हातारीनें काय सांगितलें, हें मात्र फारसें कोणी टिपून ठेवीत नाहीं.

२०२३ सालीं महाराष्ट्र शासनानें रिद्धपूर येथें मराठी भाषा विद्यापीठ स्थापण्याची घोषणा केली आणि पुढें तें अस्तित्वांत आलें. तेथील विद्यार्थ्यांना ग्रंथालय मिळेल, अध्यापक मिळतील. त्यांनीं एखाद्या हिंवाळ्यांत स्थानपोथी बरोबर घ्यावी आणि राजमठापासून साळबर्डीच्या डोंगरापर्यंत पायीं किंवा सायकलीनें जावें. वाटेवरील प्रत्येक गांवीं थांबावें, लोकांशीं बोलावें आणि ऐकलेले शब्द ऐकले तसे वहींत उतरून घ्यावेत. म्हाइंभटांनीं याहून वेगळें कांहीं केलें नव्हतें.