तळाच्या संघाला पहिली पाळी

१९ मार्च १९६९ रोजी न्यूयॉर्कमध्ये एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे आयुक्त वॉल्टर केनेडी यांनी एक नाणे उडवले. फोनवर एकीकडे फिनिक्स सन्सचे लोक होते, दुसरीकडे मिलवॉकी बक्सचे. दोन्ही संघ जेमतेम एका हंगामाचे आणि आपापल्या विभागात तळाला. कौल सांगायचा मान फिनिक्सचा होता. छापा म्हणायचे की काटा, हे त्यांनी वर्तमानपत्रातून चाहत्यांनाच विचारले होते. लोक छापा म्हणाले, म्हणून संघही छापा म्हणाला. पडला काटा.

त्या काट्याने मिलवॉकीच्या पदरात ल्यू अल्सिंडर टाकला. सात फूट दोन इंच उंचीच्या या पोराने यूसीएलएला लागोपाठ तीन वर्षे विद्यापीठांचे अजिंक्यपद मिळवून दिले होते. पुढे तो करीम अब्दुल-जब्बार या नावाने जगाला माहीत झाला. तो येण्याआधीच्या हंगामात ८२ पैकी २७ सामने जिंकलेल्या मिलवॉकीने तो आल्यावर ५६ जिंकले. १९७० मध्ये सिनसिनाटीहून ऑस्कर रॉबर्टसन हा मुरलेला गार्ड आणला आणि १९७१ मध्ये संघ विजेता ठरला. स्थापनेपासून तिसऱ्या हंगामात! फिनिक्सने दुसऱ्या पाळीत नील वॉक हा सेंटर घेतला. तो काही वाईट खेळाडू नव्हता, पण फिनिक्स आजतागायत विजेतेपदाची वाट पाहते आहे.

गोष्ट इथेच संपली असती तर 'नशीब' म्हणून मोकळे होता आले असते. पण १९७४ मध्ये करीमने मिलवॉकी सोडण्याची इच्छा कळवली आणि १९७५ मध्ये तो लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेला. मिलवॉकीला पुढचे विजेतेपद मिळायला २०२१ साल उजाडले. तेही यानिस अँटेटोकुंपोच्या जोरावर, ज्याला त्यांनी २०१३ मध्ये पंधराव्या पाळीत निवडले होते. म्हणजे पहिल्या पाळीने दिलेले सहा वर्षांत हातचे गेले आणि पंधराव्या पाळीने दिलेले टिकले. ड्राफ्टचा सगळा इतिहास असाच आडवातिडवा आहे.

ड्राफ्ट ही अमेरिकन खेळांची खास रीत. आपल्याकडच्या आयपीएल लिलावात खिसा बोलतो, तिथे पाळी बोलते. दरवर्षी नव्याने व्यावसायिक होणाऱ्या खेळाडूंमधून संघ क्रमाक्रमाने एकेक निवडतात आणि जो सर्वांत जास्त हरला त्याला पुढची पाळी मिळावी, असा दंडक. हेतू सरळ होता. श्रीमंत शहरांनी सगळे चांगले खेळाडू उचलले तर बाकीच्या शहरांत तिकीट कोण काढणार? एनबीएचा पूर्वावतार असलेल्या बीएएमध्ये १९४७ साली ही पद्धत सुरू झाली. सुरुवातीला तिला एक सोयीस्कर पळवाट होती. आपल्या परिसरातल्या महाविद्यालयाचा खेळाडू संघाला क्रम सोडून घेता येई, कारण स्थानिक पोरगा गर्दी खेचतो. १९५९ मध्ये फिलाडेल्फियाने विल्ट चेंबरलेनवर हाच हक्क सांगितला. तो शिकला कॅन्सस विद्यापीठात, पण शाळा त्याची फिलाडेल्फियाची, एवढ्यावर तो मान्यही झाला. १९६६ पासून ही सवलत गेली आणि दोन्ही विभागांतल्या तळाच्या संघांत नाणेफेक सुरू झाली.

तळाला जाण्यात फायदा आहे म्हटल्यावर तळाकडे मुद्दाम चालत जाणारेही निघाले. १९८३ मध्ये पहिल्या पाळीत राल्फ सॅम्पसन मिळवलेल्या ह्यूस्टनने १९८४ च्या हंगामात पुन्हा तळ गाठला. शेवटच्या दिवसांतल्या एका सामन्यात ३८ वर्षांच्या एल्विन हेजला त्यांनी तब्बल ५३ मिनिटे खेळवले, तेव्हा लोकांच्या भुवया उंचावल्या. नाणेफेक ह्यूस्टनने जिंकली, त्याच शहराच्या विद्यापीठात खेळणारा हकीम ओलाजुवान त्यांना मिळाला आणि पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, एनबीएने नाणे बाजूला ठेवून सोडत आणली. म्हणजे १९८४ चा ड्राफ्ट नाणेफेकीचा शेवटचा. आणि तळाच्या संघाने पहिल्या पाळ्यांचे काय करावे, याचा सगळ्यात कडू धडाही त्यातलाच.

ह्यूस्टनची निवड चोख होती. ओलाजुवानने १९९४ आणि १९९५ अशी दोन विजेतेपदे आणून दिली. दुसरी पाळी पोर्टलंडची. हा संघ तळाचा मुळीच नव्हता, त्याच हंगामात त्याने ४८ सामने जिंकले होते. पाळी खरी इंडियानाची. त्यांनी १९८१ मध्ये टॉम ओवेन्स या प्रौढ सेंटरच्या बदल्यात भविष्यातली पाळी पोर्टलंडला देऊन टाकली होती. तीन वर्षांनी तिचे मोल काय होईल, याचा इंडियानाने फार विचार केला असावा असे वाटत नाही.

पोर्टलंडने मात्र विचार केला, आणि तोच नडला. त्यांच्याकडे जिम पॅक्सन होता आणि आदल्याच वर्षी चौदाव्या पाळीत घेतलेला क्लाइड ड्रेक्सलर होता. गार्डच्या जागेवर आणखी एक खेळाडू कशाला? संघाला हवा होता सेंटर. १९७७ चे एकमेव विजेतेपद त्यांना बिल वॉल्टन या सेंटरनेच मिळवून दिले होते आणि वॉल्टनही १९७४ चा पहिल्या पाळीचाच. तेव्हा त्यांनी केंटकी विद्यापीठाचा सात फूट एक इंचाचा सॅम बोवी निवडला. नडगीच्या हाडाच्या दुखण्यापायी बोवीचे महाविद्यालयातले दोन पूर्ण हंगाम वाया गेले होते. पोर्टलंडने त्याची कसून वैद्यकीय तपासणी केली. डॉक्टरांनी पायावर ठोकून विचारले तेव्हा दुखत असूनही आपण नाही म्हणालो, हे बोवीने २०१२ मध्ये एका माहितीपटात कबूल केले. त्याला दोष देणे कठीण आहे. त्या उत्तरावर त्याच्या घरादाराचे भवितव्य अवलंबून होते.

तिसऱ्या पाळीत शिकागोने मायकल जॉर्डन घेतला.

ऑलिंपिक संघाचे प्रशिक्षक बॉब नाइट यांनी पोर्टलंडच्या व्यवस्थापकांना जॉर्डनच घ्या असे बजावल्याचा किस्सा अमेरिकेत अजून सांगतात. आम्हाला सेंटर हवाय, असे उत्तर आल्यावर नाइट म्हणाले म्हणे, मग त्यालाच सेंटरला खेळवा. गंमत अशी की शिकागोलाही आपल्या हाती काय लागले याचा पूर्ण अंदाज नव्हता. हा मुलगा सात फुटी असता तर बरे झाले असते, अशी खंत त्यांचे जनरल मॅनेजर रॉड थॉर्न यांनी उघड बोलून दाखवली होती. जॉर्डन त्यांच्याकडे द्रष्टेपणामुळे आला म्हणण्यापेक्षा दोन सेंटर आधी संपले म्हणून आला, हे अधिक खरे. बोवी पोर्टलंडकडून पाच हंगामांत १३९ सामने खेळला आणि एका हंगामात एकही नाही.

हीच चूक भारतात, क्रिकेटमध्येही झाली आहे. २००८ मध्ये पहिल्या आयपीएलआधी १९ वर्षांखालील विश्वविजेत्या संघातल्या मुलांचा लिलाव न करता ड्राफ्ट झाला होता. पहिली पाळी दिल्लीची. सेहवाग आणि गंभीर हाताशी असलेल्या दिल्लीला फलंदाज नको होता, गोलंदाज हवा होता. त्यांनी प्रदीप सांगवान घेतला आणि दिल्लीचाच विराट कोहली बंगळूरला गेला.

आपल्याकडे काय नाही, हा प्रश्न भरल्या घराने विचारला तर समजू शकते. तळाच्या संघाकडे मुळात काहीच नसते. आज रिकामी दिसणारी जागा दोन वर्षांत भरते, आज भरलेली जागा रिकामी होते, पण असामान्य खेळाडू दर दोन वर्षांनी येत नाही. तेव्हा जो सर्वांत चांगला दिसतो तो घ्यावा, जागेचे नंतर पाहावे, एवढे तरी १९८४ ने ठरवून टाकले आहे.

पण सर्वांत चांगला घेतला की काम झाले, असेही नाही. जॉर्डन आल्यावर शिकागोने पहिल्या तीन हंगामांत अनुक्रमे ३८, ३० आणि ४० सामने जिंकले. निम्मेसुद्धा नाहीत. बाद फेरीत तिन्ही वर्षे पहिल्याच टप्प्यावर गारद, आणि तीन वर्षांत मिळून तिथे विजय फक्त एक. चित्र पालटले ते १९८७ च्या ड्राफ्टने. सिअ‍ॅटलने पाचव्या पाळीत घेतलेला स्कॉटी पिपेन शिकागोने अदलाबदलीत मिळवला आणि दहाव्या पाळीत होरेस ग्रँट घेतला. पहिले विजेतेपद त्यानंतरही चार वर्षांनी, १९९१ मध्ये आले. जगातला सर्वोत्तम खेळाडू हाती असताना सात हंगाम लागले. आजच्या मालकांपैकी किती जणांना एवढा दम निघेल, शंका आहे.

पाळी वापरण्याची तिसरी रीत म्हणजे तिचा सौदा करणे. त्यात बॉस्टनचा हात धरणारे कोणी नाही. १९५६ मध्ये रेड आउअरबाख यांनी सेंट लुइसला एड मकॉली आणि क्लिफ हेगन असे दोन चांगले खेळाडू देऊन दुसरी पाळी घेतली, कारण त्यांना बिल रसेल हवा होता. रसेलच्या तेरा हंगामांत बॉस्टनने अकरा विजेतेपदे जिंकली. १९८० मध्ये त्याच आउअरबाख यांनी उलटा सौदा केला. त्या वर्षी पहिली पाळी त्यांच्याकडे होती. ती आणि तेरावी अशा दोन पाळ्या त्यांनी गोल्डन स्टेटला दिल्या आणि बदल्यात रॉबर्ट पॅरिश हा तयार सेंटर आणि तिसरी पाळी घेतली. तिसऱ्या पाळीत केव्हिन मकहेल आला. गोल्डन स्टेटने पहिल्या पाळीत जो बॅरी कॅरल घेतला. पॅरिश, मकहेल आणि आधीपासूनचा लॅरी बर्ड यांनी १९८१, १९८४ आणि १९८६ अशी तीन विजेतेपदे मिळवली.

सदतीस वर्षांनी बॉस्टनने तोच डाव पुन्हा टाकला, हे वाचून हसूच येते. २०१७ मध्ये ब्रुकलिनबरोबरच्या जुन्या व्यवहारातून त्यांच्याकडे पहिली पाळी आली होती. ती त्यांनी फिलाडेल्फियाला दिली आणि तिसरी पाळी व भविष्यातली आणखी एक पाळी घेतली. फिलाडेल्फियाने मार्केल फुल्ट्झ निवडला. खांद्याच्या दुखण्यात त्याचा नेमच हरवला आणि त्या संघाकडून तो अवघे ३३ सामने खेळला. बॉस्टनने तिसऱ्या पाळीत जेसन टेटम घेतला आणि २०२४ मध्ये त्याच्याबरोबर विजेतेपद. ज्याची तिघाचौघांतल्या प्रत्येकावर सारखीच मर्जी असते, त्याने पहिली पाळी विकून खाली सरकणे शहाणपणाचे. मात्र समोर करीम किंवा डंकन उभा असेल तर असल्या हुशारीच्या वाटेला जाऊ नये.

टिम डंकनचे उदाहरण तर वेगळेच. सॅन अँटोनिओने १९८७ मध्ये पहिल्या पाळीत डेव्हिड रॉबिन्सन घेतला तेव्हा तो नौदलाच्या सेवेत अडकलेला होता. संघ दोन वर्षे थांबला. १९८९ मध्ये तो आला आणि २१ विजयांवरचा संघ एका हंगामात ५६ वर गेला. पुढे १९९६-९७ मध्ये रॉबिन्सन जायबंदी झाला, संघ कोसळला, नेमकी त्याच वर्षी सोडत लागली आणि डंकन आला. सर्वांत जास्त शक्यता असलेले बॉस्टन हात चोळत बसले. डंकनला पहिल्या दिवसापासून रॉबिन्सनसारखा थोरला सोबती मिळाला. दोनच वर्षांत विजेतेपद आले आणि डंकनच्या काळात एकूण पाच. त्या संघाचा टोनी पार्कर २८ व्या पाळीचा होता, मानू जिनोबिली ५७ व्या.

फिलाडेल्फियाला मात्र थोरले कोणी नकोच होते. २०१३ ते २०१६ या काळात व्यवस्थापक सॅम हिंकी यांनी पुढच्या पाळ्या जमवण्यासाठी ठरवून संघ दुबळा ठेवला. तीन हंगामांत १९, १८ आणि १० विजय. चाहत्यांनी या धोरणाला 'प्रोसेस' असे नावही दिले. त्यातून जोएल एम्बीड मिळाला, जो २०२३ मध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि २०१६ ची पहिली पाळी मिळाली. पण एम्बीडच्या काळात हा संघ बाद फेरीचा दुसरा टप्पा ओलांडू शकलेला नाही. या प्रकाराने एनबीए इतकी अस्वस्थ झाली की २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना सोडतीत सारखीच, प्रत्येकी १४ टक्के, संधी देण्यात आली. त्याआधी अगदी शेवटच्या संघाला २५ टक्के मिळत.

क्लीव्हलंडने २०११ ते २०१४ या चार वर्षांत तीनदा पहिली पाळी मिळवली. कायरी अर्व्हिंग, अँथनी बेनेट, अँड्र्यू विगिन्स. बेनेट फसला. २०१४ मध्ये लेब्रॉन जेम्स घरी परतला, तेव्हा त्यांनी विगिन्स आणि बेनेट दोघांनाही देऊन केव्हिन लव्ह हा तयार खेळाडू आणला. तेव्हा या सौद्याला पुष्कळांनी नाके मुरडली होती. २०१६ मध्ये १-३ अशा पिछाडीवरून क्लीव्हलंड विजेता झाला. लेब्रॉन नसता तर मात्र हा सौदा वेडेपणाच ठरला असता.

अगदी अलीकडचे उदाहरण डेट्रॉइटचे. २०२१ मध्ये त्यांनी पहिल्या पाळीत केड कनिंगहॅम हा गार्ड घेतला. त्याच्याभोवती आणखी कोवळी पोरे जमवली आणि २०२३-२४ मध्ये संघ सलग २८ सामने हरला. हंगामाअखेर १४ विजय, ६८ पराभव. त्यानंतरच्या सोडतीत पहिली पाळीही मिळाली नाही, पाचवी मिळाली. मग त्यांनी प्रशिक्षक बदलला आणि टोबायस हॅरिस, मलिक बीझली, टिम हार्डवे ज्युनियर असे अनुभवी नेमबाज कनिंगहॅमच्या आजूबाजूला आणले. २०२४-२५ मध्ये त्याच कनिंगहॅमच्या डेट्रॉइटने ४४ सामने जिंकले आणि संघ २०१९ नंतर प्रथमच बाद फेरीत पोहोचला.